उत्तरेची खिडकी, जवसाचं तेल : तैलरंगातल्या स्थिरचित्राची पार्श्वभूमी

इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाने स्थिरचित्र काढलेलं असतं: तांब्या, दोन फळं, मागे चुण्या पडलेलं कापड. तैलरंगातली शास्त्रीय पद्धत मात्र थंड देशांत घडली. तिचे काही नियम रंगद्रव्य आणि तेलाच्या स्वभावातून आले, काही निव्वळ तिथल्या हवेतून. नागपुरात काम करणाऱ्याला हा फरक कळलेला बरा.

वस्तूंचं चित्र स्वतंत्र प्रकार म्हणून युरोपात १६०० च्या सुमारास उभं राहिलं. इटालियन चित्रकार काराव्हाज्जोची फळांची टोपली त्याच काळातली, हॉलंडमध्ये पीटर क्लास आणि विलेम हेडा यांची न्याहारीची टेबलं पुढच्या काही दशकांतली. १६६७ मध्ये कलालेखक फेलिबियाँने फ्रेंच चित्रकला अकादमीसाठी चित्रप्रकारांची उतरंड मांडली, तेव्हा निर्जीव वस्तूंना तळाची जागा मिळाली. तरी १७२८ मध्ये चित्रकार शार्दँला अकादमीत प्रवेश मिळाला तो वस्तू आणि फळांच्या जोरावरच. अकादमीची शिस्त आपल्याकडे इंग्रजांच्या मार्फत आली. १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल सुरू झालं आणि प्लास्टरचे पुतळे, वस्तू, मग जिवंत मॉडेल ही चढण महाराष्ट्रात रुळली.

स्टुडिओची खिडकी उत्तरेला हवी, हा नियम पॅरिसमध्ये चोख चालतो. तिथे जूनमध्येही सूर्य सकाळीच दक्षिणेकडे वळतो. नागपूर २१ अंश अक्षांशावर आहे. मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत इथे सूर्य दिवसभर पूर्व-पश्चिम रेषेच्या उत्तरेलाच असतो, त्यामुळे सकाळी आणि दुपारनंतर तिरीप थेट मांडणीवर येते. सावल्या सरकतात, रंग पिवळट दिसतात. खिडकीला बटर पेपर किंवा पातळ पांढरं कापड लावा आणि मांडणी दीड-दोन मीटर आत घ्या.

तेलाचं म्हणाल तर जवस विदर्भातलंच पीक. चटणी घरोघरी होते, पण घाण्याचं खायचं तेल रंगात घालू नये. त्यातला चिकट अंश काढलेला नसतो, थर पिवळा पडतो. हार्डवेअरच्या दुकानातलं ‘डबल बॉइल्ड’ तर नकोच. त्यात सुकवणारी द्रव्यं असतात आणि ते काळवंडतं. कलासाहित्याच्या दुकानातलं शुद्ध केलेलं तेलच घ्या.

हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते घट्ट होतं. मेच्या उकाड्यात वरची साय लवकर धरते, आतला थर ओलाच राहतो, आणि त्यावर घाईने रंग चढवला की सुरकुत्या किंवा भेगा पडतात. म्हणून पहिला थर कच्च्या अंबरचा (रॉ अंबर, तपकिरी मातीरंग), टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला. अंबरमध्ये मँगनीज असल्याने तो भराभर सुकतो. पुढे एक भाग तेल, दोन भाग टर्पेंटाइन. वरच्या थरांत तेल वाढवत न्यायचं. आयव्हरी ब्लॅक आणि गडद लाल अलिझारीन फार सावकाश सुकतात, त्यांचे जाड थर खाली नकोत.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते कॅनव्हासचं. जुन्या पद्धतीत कापडाला सरस लावत. सरस हवेतला दमटपणा शोषतो: मेच्या कोरड्या हवेत ताणतो, जुलैत सैल पडतो, आणि वरचा कडक झालेला रंग तडकतो. कूलर त्याच खोलीत असेल तर ही ओढाताण एका दिवसातच होते. सरसावर पावसाळ्यात बुरशीही धरते. अ‍ॅक्रिलिक जेसोचे (रंगाआधी कापडाला लावायच्या पांढऱ्या अस्तराचे) तीन हात, प्रत्येक हात सुकल्यावर पॉलिश पेपर, हा इथे जास्त भरवशाचा मार्ग. रंग फिका, मातकट दिसू लागला तर समजा जेसोने तेल ओढलं. तिथे तेलाचा अगदी पातळ हात फिरवून जास्तीचं पुसून घ्यावं. व्हार्निश मात्र सहा महिने ते वर्षभरानंतरच.

संत्र्याची मांडणी नोव्हेंबर-डिसेंबरच्या आंबिया बहारात किंवा फेब्रुवारी-मार्चच्या मृगात करावी. उन्हाळ्यात सैल साल चटकन सुरकुतते. सावलीला काळा लावू नका, जळका सिएना (बर्न्ट सिएना, तांबूस तपकिरी) आणि अल्ट्रामरीन निळा पुरे. सोललेल्या फोडी ठेवल्या असतील तर त्यांची ओली चमक फार तर तासभर टिकते, म्हणून त्या आधी रंगवाव्या, पितळी तांब्या शेवटी.