तोल व अंगाच्या कलाचे भान

तोल व अंगाच्या कलाचे भान : आपले अंग कोणत्या बाजूला आणि किती झुकले आहे हे न पाहता ओळखण्याची व पडण्याआधी सावरण्याची शरीराची क्षमता, तसेच ती वाढवण्यासाठी ऐन तारुण्यात केला जाणारा सराव. बेळगाव, खानापूर, निपाणीपासून हल्याळपर्यंतच्या आणि तिकडे बिदर-भालकीकडच्या मराठी मुलखात हा सराव पिढ्यानपिढ्या चालत आला आहे, पण त्याला स्वतंत्र नाव नाही. तालमीत तो ‘मेहनती’त मुरलेला असतो आणि सैन्यभरतीची तयारी करणारी पोरे त्याला सरळ ‘बॅलन्स’ म्हणतात.

मराठीत ‘कल’ आणि ‘तोल’ हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि विषय समजायला हा भेद फार उपयोगी पडतो. अंग आधी कलते, मग तोल जातो. या दोहोंमधला वेळ क्षणभराचाच असतो. सराव करायचा तो या क्षणाचा. सीमाभागातल्या माणसाच्या कानावर कानडीही रोज पडते. तिथे ‘समतोलन’ म्हणजे आपला समतोल आणि ‘वालु’ म्हणजे कलणे, म्हणजे हा भेद त्या भाषेतही शाबूत आहे.

शरीराला कलाची खबर तीन वाटांनी मिळते. पहिली वाट डोळ्यांची. दुसरी आतल्या कानाची : तिथल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोके वळल्याचे सांगतात, आणि शेजारच्या दोन पिशव्यांतले कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे डोके कलले की गुरुत्वाकर्षणाने सरकून कल कळवतात. तिसरी वाट स्नायू, त्यांना हाडांशी जोडणाऱ्या शिरा (कंडरा), सांधे आणि तळपायाच्या कातडीची. या तिसऱ्या जाणिवेला इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी 1906 मध्ये स्वतंत्र नाव दिले. तिन्ही खबरा मेंदू एकत्र करतो, आणि हालचाल बेताची ठेवण्याचे बरेचसे काम लहान मेंदूकडे असते. डोळे मिटले की पहिली वाट बंद होते. मग उरलेल्या दोन किती पक्क्या आहेत ते उघडे पडते. 19व्या शतकातील जर्मन वैद्य मोरित्झ रोमबर्ग यांच्या नावाने ओळखली जाणारी, पाय जुळवून डोळे मिटून उभे राहण्याची तपासणी याच तत्त्वावर चालते.

स्थिर उभा दिसणारा माणूसही प्रत्यक्षात सतत किंचित डोलत असतो. पाऊल न उचलता घोट्यातून पुढे साधारण 8 अंश आणि मागे साधारण 4 अंशच झुकता येते. त्या मर्यादेच्या आत घोटा काम करतो. धक्का मोठा असला तर कंबर मोडून सावरावे लागते, आणि तेही पुरले नाही तर पाऊल टाकावे लागते. नवख्याला आपली ही मर्यादा कुठे आहे तेच ठाऊक नसते. तो फार लवकर पाऊल टाकतो, नाहीतर फार उशिरा.

या मुलखात तोलाचा उत्तम नमुना पाहायचा असेल तर चोर्ला घाटातून गोव्याकडे जाणाऱ्या बसमधला कंडक्टर पाहावा. दोन्ही हात तिकिटांत आणि सुट्या पैशांत गुंतलेले. एक पाऊल पुढे, दुसरे थोडे आडवे, गुडघे सैल, आणि मांडीचा बाहेरचा भाग बाकाच्या कडेला जेमतेम टेकलेला. वळण येण्याआधीच त्याचे अंग आतल्या बाजूला कललेले असते. प्रवाशांची धांदल उडते ती वळण आल्यावर. तो बाकावर भार देत नाही, त्याला त्या स्पर्शातून फक्त खबर हवी असते. बोटाच्या टोकाने नुसते भिंतीला टेकले तरी अंगाचे डोलणे घटते, हे प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. उलट घाटात आतला कान एकटा फसतो : वेग वाढल्याचा ओढा आणि अंगाचा कल यांतला फरक त्या खड्यांना स्वतःहून ओळखता येत नाही. म्हणून पायांची शिकवण लागते.

तालमीत ही शिकवण मातीतून मिळते. तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालून मळलेली हौद्यातली तांबडी माती पायाखाली दबते, घोटा प्रत्येक क्षणी थोडा वेगळ्या कोनात बसतो आणि तळपायाची खबर रोज नव्याने वाचावी लागते. तोलाच्या सरावासाठी आज दुकानांत मिळणाऱ्या फोमच्या गाद्या आणि डुगडुगत्या फळ्या जे काम करतात, त्यातले बरेचसे ही माती करत आली आहे. जोर-बैठकांनी ताकद येते हे सर्वांना दिसते. पण अनवाणी पायांना तिथे काय शिकायला मिळते त्याची दखल फारशी घेतली जात नाही, आणि ती घ्यायला हवी.

कुस्तीत कलाचे भान दुहेरी लागते, स्वतःचे आणि जोडीदाराचे. खडाखडी, म्हणजे डाव टाकण्याआधीची हातांची चाचपणी, चालू असते तेव्हा बघणाऱ्याला वाटते, दोघे नुसते वेळ काढताहेत. प्रत्यक्षात जोडीदाराच्या मानेवर ठेवलेला तळवा त्याचा भार टाचेवर आहे की चवड्यावर ते चाचपत असतो. एकाने रेटले की दुसरा नकळत उलट रेटतो, म्हणजेच पुढे कलतो. नेमक्या त्या वेळी रेटा सोडून ओढले की त्याचा तोल सुटतो आणि पट किंवा ढाक असा डाव बसतो. वस्ताद कडेला उभे राहून ओरडतात ते बहुधा याच गोष्टीसाठी : “चवड्यावर गेलास बघ! बूड खाली घे की रे!” डावाचे नाव नंतर येते.

मल्लखांबात हीच गोष्ट उभ्या लाकडावर होते. या व्यायामाच्या इतिहासाचे एक टोक सीमाभागातच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 12व्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लांच्या व्यायामात खांबाचा उल्लेख येतो, आणि ती कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला नवे रूप दिले. एरंडेल लावलेल्या खांबावर अढी मारून, म्हणजे पायांनी खांब आवळून, डोके खाली गेले की डोळ्यांनी ओळखलेले वर-खाली उलटे होते आणि अंग कुठे आहे हे आतूनच कळून घ्यावे लागते.

बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर आहे, आणि आसपासच्या गावांतली मुले बारावीपासूनच भरतीची तयारी करतात. भरती मेळाव्यात 1.6 किलोमीटर धावणे आणि बीम (दांड्याला लटकून अंग वर ओढणे) यांना गुण असतात. 9 फुटी खंदक उडी आणि झिगझॅग बॅलन्स या दोन्हींत मात्र फक्त पास व्हायचे असते. गुण नाहीत म्हणून पोरे झिगझॅगकडे दुर्लक्ष करतात. गावाकडे सरावाला तो मांडणे अगदी सोपे आहे : विटांवर नागमोडी ठेवलेल्या अरुंद फळ्या पुरतात. पहिल्या दिवशी मुलगा खाली पावलाकडे बघत चालतो, कोपऱ्यावर थबकतो, हात वर उडतात. आठवड्याभराने नजर फळीच्या टोकाला जाते, हात कंबरेच्या उंचीवर येतात आणि कोपरा येण्याआधीच खांदा वळू लागतो.

तारुण्यातच हा सराव का करावा, याला कारण आहे. किशोरवयात हाडे झपाट्याने लांबतात आणि काही काळ अंग परके वाटते. ती वाढ थांबली की मेंदूला अंगाचे नवे माप बसवावे लागते, आणि तोल विशीच्या सुमारास सर्वात चांगला असतो. तरीही तो गृहीत धरण्यासारखा नसतो. डोळे उघडे ठेवून एका पायावर 45 सेकंदांच्या आसपास सहज उभा राहणारा निरोगी तरुण डोळे मिटल्यावर बहुधा 10 ते 15 सेकंदांतच दुसरा पाय टेकतो. जवळून पाहिले तर त्या वेळी पावलाच्या पाठीवरच्या शिरा सारख्या उडत असतात, अंगठा माती धरतो, सोडतो, पुन्हा धरतो.

सर्वात जास्त नुकसान पाय मुरगळल्यावर होते. सूज उतरली, दुखणे थांबले, की कबड्डीच्या किंवा क्रिकेटच्या मैदानावर परत, ही आपल्याकडची सर्रास रीत आहे. पण घोट्याची हाडे बांधून ठेवणारे अस्थिबंध ताणले जातात तेव्हा तिथून मेंदूला जाणारी कलाची खबरही बिघडते, हे 1965 साली ब्रिटिश शल्यचिकित्सक फ्रीमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. तोलाचा सराव केलेल्या खेळाडूंत घोटा पुन्हा मुरगळण्याचे प्रमाण घटते, हे त्यानंतर वारंवार दिसून आले आहे. लेप आणि पट्टी यांच्याबरोबर एका पायावर उभे राहणेही उपचारात आलेच पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

सराव अनवाणी, भिंत हाताशी ठेवून करावा. आधी सरळ उभे राहून टाचा न उचलता घोट्यातून सावकाश पुढे झुकावे. बोटे जमीन धरू लागली की थांबून परत यावे. तसेच मागे आणि दोन्ही बाजूंना. मग एक पाय, मग डोके डावी-उजवीकडे वळवत एक पाय, मग झेललेला चेंडू, शेवटी मिटलेले डोळे. आठवड्यातून तीनदा, दर वेळी 10-15 मिनिटे, असे काही आठवडे केले की फरक दिसतो. आरशासमोर करू नये. आरशात कल डोळ्यांना दिसतो, त्यामुळे पायांना तो शोधावा लागत नाही. शाळेतली लंगडी आणि खो-खो याच कामाचे आहेत, आणि दहावीनंतर ते सुटतात तेव्हा मुलींच्या वाट्याला त्यांच्या जागी काहीच येत नाही, ही मोठी उणीव आहे.

या सरावाची एक मर्यादा आहे : ज्या हालचालीचा सराव केला तीच मुख्यतः सुधारते. फळीवर पक्का झालेला मुलगा पावसाळ्यात खानापूरकडच्या निसरड्या भातबांधावर रोपांची जुडी घेऊन निघाला तर पहिले दोन दिवस तोही घसरतोच. अंधारात वारंवार पडणे, खोली गरगरणे, कान वाहणे किंवा एका बाजूलाच झोक जाणे असे काही असेल तर सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.