समुद्राखाली तेलाचं तळं नसतं

फेब्रुवारी 2024 मध्ये गोव्यातल्या बेतूलला 'इंडिया एनर्जी वीक' हा ऊर्जा उद्योगाचा मेळावा भरला, तेव्हापासून गोव्यात तेलाच्या गप्पा वाढल्या. मग जानेवारी 2025 मध्ये बातमी आली की समुद्रातल्या 'मुंबई हाय' या तेलक्षेत्राचं उत्पादन वाढवण्यासाठी ओएनजीसी ही सरकारी तेल कंपनी आता ब्रिटनच्या बीपी कंपनीची तांत्रिक मदत घेणार आहे. त्यावर लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. 1976 पासून उपसा चालू आहे, तर आता तेल वाढणार कुठून? आणि इतकं काढल्यावर खाली पोकळी पडली नसेल का?

दोन्ही प्रश्नांमागे चित्र एकच आहे: समुद्राखाली एक मोठी गुहा, तिच्यात काळ्या तेलाचं तळं आणि त्यात सोडलेला पाइप. हे चित्र मनातून पुसल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही.

आपल्याकडचा चिरा, म्हणजे बांधकामाचा जांभा दगड, पाहा. दिसायला घट्ट, पण पावसाळ्यात चिऱ्याची भिंत पाणी पिते, कारण दगडभर बारीक छिद्रं असतात. मुंबई हायचं तेलही असंच दगडात मुरलेलं आहे. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर, जेमतेम 75 मीटर पाण्याखाली समुद्रतळ लागतो आणि त्याच्याही खाली एक किलोमीटरहून जास्त खोल चुनखडक आहे. 'सागर सम्राट' या समुद्रात विहीर खणणाऱ्या रिगला 1974 मध्ये तेल लागलं ते या खडकाच्या छिद्रांत. हातावर नारळ ठेवून 'इथे झरा आहे' असं सांगणारे पाणाडी अजून गावोगाव बोलावले जातात, तेही त्या तळ्यासारख्याच भूगर्भातल्या काल्पनिक नद्यांच्या भरवशावर. पाणी असो वा तेल, ते बहुतेक ठिकाणी खडकाच्या छिद्रांत आणि भेगांत असतं. ते शोधायला नारळ नव्हे, भूशास्त्र लागतं.

आता खरी गंमत. इतक्या खोलीवर हवेच्या नेहमीच्या दाबाच्या 100 पटींहून अधिक दाब असतो. विहीर खणली की तो दाबच तेलाला वर ढकलतो. पण तेल निघतं तसा दाब उतरतो, आणि एका मर्यादेखाली तेलात विरघळलेला वायू बुडबुड्यांच्या रूपाने सुटू लागतो. वायू पातळ, म्हणून तो तेलाच्या आधी विहिरीकडे धावतो. वायू गेला की ढकलणारी ताकद गेली आणि मागे उरलेलं तेल अधिक दाट झालं. म्हणून 1984 पासून मुंबई हायच्या खडकात समुद्राचं पाणी सोडलं जातं. ते गाळावं लागतं, नाहीतर छिद्रं बुजतात. त्यातला ऑक्सिजन काढावा लागतो, नाहीतर पोलादी नळ्या गंजतात. जंतू मारावे लागतात, कारण पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे काही जिवाणू हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार करतात. असं सिद्ध केलेलं पाणी काही विहिरींतून खाली ढकलायचं, म्हणजे ते तेलाला दुसऱ्या विहिरींकडे रेटतं.

पण सगळं तेल रेटलं जात नाही. छिद्रातून छिद्रात जाताना वाटेत अरुंद गळा लागतो. त्यातून निसटायचं तर तेलाच्या थेंबाला आकार बदलावा लागतो आणि तेल-पाण्यामधला पृष्ठताण त्याला विरोध करतो. गळ्याची त्रिज्या निम्मी झाली की हा विरोध दुप्पट. त्यात चुनखडकाला अनेकदा पाण्यापेक्षा तेलच जवळचं असतं. मग तेल छिद्राच्या भिंतींना चिकटून राहतं आणि पाणी मधून निघून जातं. दाब आणखी वाढवावा तर पाणी मोठ्या भेगांतूनच सुसाट पळतं, बारीक छिद्रांकडे वळतही नाही. अतिदाबाने खडक फुटायचा धोका वेगळाच. म्हणूनच जगभरच्या क्षेत्रांतून सरासरी सुमारे एक तृतीयांश तेलच हाती येतं. बाकीचं दगडात राहतं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या 'बाकीच्या'त आहे. जुन्या विहिरीतूनच आडवी शाखा खणून, पाणी ज्याला वळसा घालून गेलं त्या भागापर्यंत पोचता येतं. कुठल्या विहिरीत किती पाणी सोडायचं हेही नव्याने ठरवता येतं. यातून उत्पादन वाढू शकतं. मात्र 'आता भारत तेलसम्राट' छापाचे जे संदेश फोनवर फिरतात, त्यांना यात काहीच आधार नाही. दगड आपलं बरंचसं तेल तरीही सोडणार नाही.

राहिली पोकळी. तेलाची जागा पाणी घेते, त्यामुळे गुहा तयार होत नाही. पण खचण्याची भीती निराधार नाही, हेही सांगायलाच हवं. नॉर्वेच्या एकोफिस्क क्षेत्रातला खडक मऊ खडूचा आहे. तेल काढल्यावर छिद्रांतला दाब उतरला, वरच्या थरांचं ओझं खडूवर आलं आणि तो दबला. समुद्रतळ इतका खाली गेला की लाटांपासून वाचवण्यासाठी 1987 मध्ये तिथले प्लॅटफॉर्म जॅक लावून 6 मीटर उचलावे लागले. तिथेही खडकात समुद्राचं पाणी सोडलं गेलं. दाब सावरला, खचण्याचा वेग कमी झाला. पण पाण्याने हा खडू आणखी मऊ होतो, त्यामुळे तो दबणं पूर्ण थांबलं नाही.