पंखांची जुनी जाळी जपणारे भुंगेरे

आजवर वर्णन झालेल्या भुंगेऱ्यांच्या जाती सुमारे ४ लाख आहेत आणि त्या चार उपगणांत विभागल्या आहेत. त्यांपैकी ॲर्कोस्टेमाटा या उपगणाच्या वाट्याला जेमतेम ५० जाती येतात. तरीही कीटकांच्या इतिहासात रस असणाऱ्यांना हा गट फार मोलाचा वाटतो, आणि त्याचे कारण त्याच्या पंखांवर कोरलेले आहे.

भुंगेऱ्याचे पुढचे पंख कडक होऊन त्यांचे कवच बनले, पण हा बदल टप्प्याटप्प्याने झाला. पर्मियन कालखंडाच्या पूर्वार्धातले, म्हणजे सुमारे २८ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचे जे जीवाश्म रशियाच्या उरल भागात, चेकियात आणि जर्मनीत सापडले, त्यांच्या पंखकवचांवर शिरांचे जाळे स्पष्ट दिसते. शिवाय ही कवचे पोटाच्या टोकापलीकडे पोहोचत आणि शरीराला घट्ट बिलगत नसत. पुढे बहुतेक भुंगेऱ्यांत हे जाळे पुसले गेले. ॲर्कोस्टेमाटातील क्युपेडिडे कुळात मात्र ते अजून ओळखू येते: कवचावर उभ्या रेषा असतात आणि त्यांच्या मधल्या पट्ट्यांत पातळ, अर्धपारदर्शक चौकोनांच्या रांगा असतात. पंखाचे कवच कसे झाले असेल, हे जिवंत कीटकावर इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळते.

म्हणून या भुंगेऱ्यांना ‘आदिम’ म्हणतात. पण हा शब्द जपून वापरायला हवा, असे मला वाटते. ते इतर भुंगेऱ्यांचे पूर्वज नव्हेत, तर दूरचे भाऊबंद आहेत, आणि उत्क्रांतीचा काळ त्यांच्याही वाट्याला तितकाच आला आहे.

याच उपगणातला, सुमारे २ मिलिमीटर लांबीचा मायक्रोमॅल्थस डेबिलिस त्याची साक्ष देतो. बुरशीने कुजवलेल्या ओलसर लाकडात त्याच्या अळ्या वाढतात, आणि मादी अळी कोषावस्थेत न जाता, नराशिवाय, थेट जिवंत पिल्लांना जन्म देते. काही अळ्या मात्र एकच अंडे घालतात. त्यातून नर अळी बाहेर येते आणि ती आपल्या आईलाच खाऊन वाढते. पंख फुटलेले प्रौढ क्वचितच दिसतात. ही अळी लाकडाबरोबर दूरदूर पोहोचली असून दक्षिण आफ्रिकेतील खाणींच्या आधार-लाकडांतही ती आढळली आहे.