मेल्याचं सोंग आणि फॅन थिअरी (रहस्यकथा)

खुनाच्या गोष्टीत एखादं पात्र मेलं असं सांगितलेलं असतं, पण ते खरं तर जिवंत आहे आणि लपून सगळं तेच घडवतंय असा अंदाज बांधून वाचक स्वतःच छडा लावायला बसतात, त्याला मेल्याच्या सोंगाची फॅन थिअरी म्हणतात. मेलेल्या माणसावर कोणी संशय घेत नाही, त्याचं नाव यादीतून पहिल्यांदा खोडलं जातं, आणि इथे नेमकं तेच नाव परत यादीत घ्यायचं असतं.

पहिला प्रश्न कायम एकच, बॉडी कोणी पाहिली? म्हणजे जवळून कोणी पाहिली, नाडी कोणी बघितली, ओळख कोणी पटवली. अ‍ॅगाथा ख्रिस्तीच्या १९३९ च्या 'अँड देन देअर वेअर नन'मधे (स्पॉयलर आहे) बेटावरच्या १० जणांपैकी न्यायाधीश मेलाय हे फक्त डॉक्टर तपासून सांगतो, बाकीचे कपाळावरचा लाल डाग लांबून बघतात आणि मान्य करतात, पण डॉक्टर त्याला सामील असतो. तेव्हापासून चांगला वाचक आधी डॉक्टरकडेच बघतो.

बीबीसीच्या 'शेरलॉक'मधे जानेवारी २०१२ ला होम्स हॉस्पिटलच्या गच्चीवरून उडी मारतो आणि शेवटी जिवंत दिसतो, कसा वाचला ते मात्र १ जानेवारी २०१४ पर्यंत सांगितलंच नाही. मधल्या काळात काखेत बॉल दाबून नाडी थांबवली, खाली दुसरीच बॉडी होती, सायकलवाल्याने वॉटसनला मुद्दाम पाडलं, असे कितीतरी अंदाज निघाले, आणि पुढच्या भागात फॅन लोकांच्या थिअरी सरळ कथेतच घेतल्या.

डुप्लिकेट माणूस आणि जुळा भाऊ हे उत्तर मला स्वतःला पळवाट वाटतं. रहस्यकथा लिहिणाऱ्या रोनाल्ड नॉक्सने १९२९ मधे रहस्यकथेचे १० नियम लिहिले त्यातही हेच आहे, वाचकाला आधी कल्पना दिलेली नसेल तर जुळे आणायचे नाहीत.

पण या सगळ्याचा राजा म्हणजे इंग्रज लेखक चार्ल्स डिकन्सच्या अर्धवट राहिलेल्या कादंबरीतला एडविन ड्रूड. जून १८७० मधे डिकन्स गेला तेव्हा १२ पैकी ६ च भागांचा मजकूर होता, एडविन गायब, घड्याळ आणि शर्टाची पिन नदीच्या बंधाऱ्यात सापडलेली, बॉडी नाही, संशय मामावर म्हणजे जॅस्परवर. मग पांढऱ्या केसांचा पण काळ्या भुवयांचा डॅचरी नावाचा अनोळखी माणूस गावात येतो. खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड प्रॉक्टरने १८८७ मधे मांडलं की डॅचरी म्हणजे वेष बदललेला एडविनच, तो मेलेलाच नाही. उलट डिकन्सचा मित्र फॉर्स्टर सांगतो की भाचा मेलाय, चुन्यात टाकलेली बॉडी विरून गेली तरी एडविनजवळची, जॅस्परला माहीत नसलेली सोन्याची अंगठी उरणार आणि त्यावरून खून उघड होणार होता. मला हेच पटतं, कारण जॅस्पर हा गाण्यातला माणूस, तो डॅचरीशी समोरासमोर बोलतो, आणि स्वतःच्या भाच्याचा आवाज त्याच्या कानाला कळणार नाही?

वाद इतका रंगला की ७ जानेवारी १९१४ ला लंडनमधे जॅस्परवर लुटुपुटीचा खटला चालवला, लेखक चेस्टरटन न्यायाधीश आणि नाटककार बर्नार्ड शॉ ज्युरीचा प्रमुख. निकाल लागला सदोष मनुष्यवधाचा, आणि मग न्यायाधीशाने कोर्टाच्या अवमानाबद्दल स्वतःला सोडून सगळ्यांना शिक्षा दिली.