सामुदायिक प्रतिष्ठान

ठरावीक शहर, जिल्हा वा प्रदेश यांच्या हितासाठी अनेक दात्यांच्या देणग्या एकत्र करून त्यांचा कायम निधी सांभाळणारी आणि त्या निधीच्या उत्पन्नातून तेथील सेवाभावी संस्थांना अनुदाने देणारी सार्वजनिक न्याससंस्था. ‘कम्युनिटी फाउंडेशन’ या नावाने ती जगभर ओळखली जाते. निश्चित भौगोलिक क्षेत्र, अनेक दाते आणि मुद्दल न मोडण्याचा दंडक ही तिची ढोबळ लक्षणे होत. सर रतन टाटा ट्रस्ट (१९१९) किंवा सर दोराबजी टाटा ट्रस्ट (१९३२) यांसारखे न्यास एका घराण्याच्या संपत्तीतून उभे राहिल्याने ते या वर्गात मोडत नाहीत. दरवर्षी वर्गणी गोळा करून ती त्याच वर्षी वाटून टाकणारे ‘कम्युनिटी चेस्ट’ हेही वेगळे. दोन्ही प्रकार अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात जवळपास एकाच सुमारास रुजल्याने त्यांची गल्लत होते, एवढेच.

पूर्वपीठिका : दात्याने शेकडो वर्षांपूर्वी घातलेली अट पुढच्या पिढ्यांवर बंधनकारक असावी काय, हा या संस्थेमागचा मूळ प्रश्न आहे. मृत दात्याची संपत्तीवरील ही पकड ‘मृतहस्त’ म्हणून ओळखली जाते. फ्रेंच अर्थतज्ज्ञ त्यूर्गो यांनी १७५७ मध्ये फ्रेंच विश्वकोशातील नोंदीत कायमस्वरूपी देणग्यांवर याच मुद्द्यावरून कडक टीका केली होती. अमेरिकेत दोन उदाहरणे वारंवार दिली जातात. बेंजामिन फ्रँक्लिन (मृत्यू १७९०) यांनी बॉस्टन व फिलाडेल्फिया या शहरांना प्रत्येकी १,००० पौंड ठेवले. विवाहित तरुण कारागिरांना त्यातून अल्प व्याजाने कर्जे द्यावीत आणि दोनशे वर्षांनी सर्व रक्कम वाटून टाकावी, अशी योजना होती. कारखानदारी वाढून कारागिराच्या हाताखाली उमेदवारी करण्याची जुनी पद्धत मोडली आणि कर्ज मागणारेच उरले नाहीत. दुसरे उदाहरण सेंट लुइसचे ब्रायन मुलनफी (मृत्यू १८५१) यांचे. पश्चिमेकडे वसाहतीला निघालेल्या व वाटेत सेंट लुइसला पोचलेल्या गरीब स्थलांतरितांसाठी त्यांनी आपल्या मिळकतीचा एक-तृतीयांश हिस्सा ठेवला. रेल्वे आली, वसाहतीचे युग सरले आणि पैसा पडून राहिला. फ्रँक्लिन यांच्या फिलाडेल्फियातील निधीचा काही भाग दोनशे वर्षे भरल्यावर तेथील सामुदायिक प्रतिष्ठानाकडेच शिष्यवृत्त्यांसाठी सोपवण्यात आला, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे.

उगम : पहिले सामुदायिक प्रतिष्ठान म्हणून क्लीव्हलँड फाउंडेशनचा निर्देश सर्वत्र केला जातो. क्लीव्हलँड ट्रस्ट कंपनी या बँकेचे अध्यक्ष व पेशाने वकील असलेले फ्रेडरिक हॅरिस गॉफ यांच्या पुढाकाराने बँकेच्या संचालक मंडळाने २ जानेवारी १९१४ रोजी त्याचा ठराव संमत केला. तारखेबद्दल वाद नाही. कल्पना कोणाची व कशासाठी, याबद्दल आहे. एका मताप्रमाणे ती गॉफ यांना स्वतंत्रपणे सुचली होती. वकिलीच्या काळात त्यांनी जॉन डी. रॉकफेलर यांचे काम पाहिले होते आणि मोठ्या देणग्यांच्या अडचणींशी त्यांचा परिचय तेथे झाला, असे सांगितले जाते. दुसरे मत अधिक रोखठोक आहे. त्या काळी न्यास कंपन्यांत श्रीमंतांच्या मिळकती सांभाळण्यासाठी चुरस होती आणि धर्मादाय हेतूच्या मृत्युपत्रांना एक तयार साचा पुरवणे हा बँकेच्या व्यवसायवृद्धीचाच भाग होता. ही कल्पना पुढील दोन-तीन वर्षांत ज्या वेगाने इतर शहरांतील बँकांनी उचलली, तो पाहता दुसऱ्या मतात तथ्य दिसते. मात्र त्याने पहिले मत खोटे ठरत नाही. तिसरे मत संस्थेला अमेरिकेतील प्रागतिक युगातील (विसाव्या शतकाच्या आरंभीच्या सुधारणाकाळातील) नगरसुधारणेच्या चळवळीशी जोडते. क्लीव्हलँड फाउंडेशनचे सुरुवातीचे काम पाहता हा दुवाही नाकारता येत नाही.

गॉफ यांच्या रचनेत खरोखर नवे काय होते, हे या वादात बाजूला पडते. अनेक देणग्या एका न्यासात एकत्र करणे नवे नव्हते. पैशाचा सांभाळ आणि पैशाचे वाटप ही दोन कामे त्यांनी अलग केली, ते नवे होते. मुद्दलाची गुंतवणूक बँकेकडे राहिली. उत्पन्न कोणाला द्यायचे ते पाच जणांची वाटप समिती ठरवी. त्यांपैकी दोघांना बँक नेमत असे आणि उरलेल्या तिघांना अनुक्रमे महापौर, संघीय जिल्हा न्यायालयाचे ज्येष्ठ न्यायाधीश व मृत्युपत्रविषयक न्यायालयाचे ज्येष्ठ न्यायाधीश. बहुमत बँकेबाहेरचे, आणि तेही पदसिद्ध अधिकाऱ्यांनी निवडलेले. दात्याने सांगितलेला हेतू कालबाह्य झाला, तर न्यायालयात न जाता तो बदलण्याची मुभाही ठरावात ठेवली होती.

आरंभी प्रतिष्ठानाकडे पैसा जवळजवळ नव्हताच, कारण मृत्युपत्रे करणारे अद्याप हयात होते. म्हणून पहिली काही वर्षे त्याने शहराच्या पाहण्या करवल्या. लेनर्ड एअर्स यांच्या देखरेखीखाली १९१५–१६ मध्ये झालेली शाळांची पाहणी २५ भागांत प्रसिद्ध झाली. फौजदारी न्यायव्यवस्थेची पाहणी रॉस्को पाउंड व फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी केली. तिचे निष्कर्ष १९२२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी गॉफ वारले.

प्रसार : शिकागो, बॉस्टन, मिनीॲपोलिस, मिलवॉकी व लॉस अँजेल्स येथे १९१५ मध्ये, तर न्यूयॉर्क येथे १९२४ मध्ये अशी प्रतिष्ठाने निघाली. कॅनडातील पहिले प्रतिष्ठान विनिपेग येथे १९२१ मध्ये विल्यम ॲलोवे या बँकव्यावसायिकांच्या एक लाख डॉलरांवर उभे राहिले. त्यानंतर १९२४ मध्ये आलेल्या देणगीत एका निनावी स्त्रीने पाकिटातून पाठवलेली पाच-पाच डॉलरांची तीन सोन्याची नाणी होती, आणि विनिपेगच्या इतिहासात ॲलोवे यांच्या रकमेइतकाच मान या १५ डॉलरांना आहे. महामंदीत बँकाधारित प्रतिष्ठाने खुंटली. अमेरिकेतील १९६९ च्या करसुधारणा कायद्याने खाजगी प्रतिष्ठानांवर कडक बंधने घातली. सामुदायिक प्रतिष्ठानांना मात्र, पाठबळ व्यापक जनतेकडून मिळते असे दाखवता आल्यास, सार्वजनिक धर्मादाय संस्थेचा दर्जा व अधिक करसवलत मिळू लागली. त्यानंतरची वाढ मुख्यतः याच फरकातून झाली. जर्मनीत ग्यूटर्सलोह (१९९६) व हॅनोव्हर (१९९७) येथील संस्था आरंभीच्या मानल्या जातात. पहिली उद्योगपतीच्या मोठ्या रकमेवर, दुसरी नागरिकांच्या लहान लहान रकमांवर उभी राहिली. फ्लिंट (मिशिगन) येथील मॉट फाउंडेशनने इतर देशांतील प्रसाराला दीर्घकाळ अर्थसाहाय्य केले.

निधी व कार्यपद्धती : प्रत्येक देणगीचे स्वतंत्र नाव व खाते राहते, गुंतवणूक मात्र एकत्र होते. शंभर छोटे न्यास स्वतंत्रपणे नोंदवायचे, त्यांचे हिशेब तपासून घ्यायचे आणि विवरणपत्रे भरायची, हा खटाटोप यामुळे वाचतो. त्यासाठी निधीच्या आकारमानानुसार वार्षिक शुल्क आकारले जाते. मुक्त निधीचे वाटप समितीच्या मर्जीवर असते. विषयनिष्ठ निधी आरोग्य, शिक्षण, कला अशा एखाद्या क्षेत्रापुरता, तर संस्थानिष्ठ निधी दात्याने नेमून दिलेल्या रुग्णालयापुरता किंवा ग्रंथालयापुरता असतो. दाता-सल्ला निधीत दाता हयातीत शिफारस करतो आणि निर्णय कायद्याने प्रतिष्ठानाचा असतो. याखेरीज लहान संस्था स्वतःचा राखीव निधीही प्रतिष्ठानाकडे सांभाळायला देतात. गुंतवणुकीची जाण असलेला माणूस पगारी ठेवणे ज्यांना परवडत नाही, त्यांना ही सोय विशेष उपयोगी पडते. बाजारातील चढउतारांमुळे अनुदाने एकदम घटू नयेत म्हणून गेल्या काही वर्षांच्या सरासरी मूल्याच्या सुमारे ४ ते ५ टक्के रक्कम दरवर्षी वाटली जाते.

अनुदानांबरोबरच हिशेबाचे व कारभाराचे प्रशिक्षण, इतर दात्यांशी गाठ घालून देणे, आपत्तिकाळात मदतनिधी उघडणे अशी कामे प्रतिष्ठाने करतात. एकाच दिवशी शेकडो स्थानिक संस्थांसाठी ऑनलाइन देणग्या गोळा करण्याचे उपक्रमही आता रूढ आहेत. मिनेसोटा व उत्तर टेक्सस येथील अशा उपक्रमांना २००९ मध्ये सुरुवात झाली.

हेतुबदलाचा अधिकार आणि त्याच्या मर्यादा : इंग्लिश कायद्यातील साय प्रे तत्त्वानुसार न्यासाचा मूळ हेतू अशक्य वा अव्यवहार्य झाल्यास न्यायालय त्याच्या जवळात जवळचा हेतू ठरवून देते. सामुदायिक प्रतिष्ठानाच्या घटनेतच हेतुबदलाचा अधिकार असल्याने त्याला एरवी ही पायरी चढावी लागत नाही. पण भौगोलिक अट बदलू पाहिल्यास काय होते, याचे गाजलेले उदाहरण म्हणजे बक न्यास. कॅलिफोर्नियातील मरिन परगण्याच्या रहिवासी बेरिल बक १९७५ मध्ये वारल्या. त्यांनी बेलरिज ऑइल कंपनीचे समभाग सॅन फ्रान्सिस्को फाउंडेशनला ठेवले होते. उत्पन्न मरिन परगण्यातच खर्च व्हावे, ही अट होती. तेव्हा सुमारे एक कोटी डॉलर धरलेली ही मिळकत १९७९ मध्ये शेल कंपनीने बेलरिज विकत घेतल्यावर २५ कोटी डॉलरांहून अधिक झाली. मरिन हा देशातील अतिश्रीमंत परगण्यांपैकी एक. शेजारच्या ओकलंडमध्ये गरिबी दाट. प्रतिष्ठानाने १९८४ मध्ये काही रक्कम बाहेर वापरण्याची परवानगी न्यायालयाकडे मागितली. मरिनमध्ये पैसा खर्च करणे अशक्य झालेले नाही, केवळ कमी उपयुक्त आहे, हा प्रतिवाद टिकला. प्रतिष्ठानाने १९८६ मध्ये माघार घेऊन विश्वस्तपद सोडले आणि त्या निधीतून मरिन कम्युनिटी फाउंडेशन हे वेगळे प्रतिष्ठान निघाले. दानाची उपयुक्तता हा साय प्रेचा निकष नाही, हे या खटल्यानंतर विधिग्रंथांत ठळकपणे मांडले जाऊ लागले.

दाता-सल्ला निधी : न्यूयॉर्कमध्ये १९३१ पासून आढळणाऱ्या या प्रकाराला अमेरिकेत २००६ च्या कायद्याने प्रथमच व्याख्या मिळाली. रक्कम ठेवताच करसवलत मिळते. वाटप किती काळात करावे, याला मात्र बंधन नाही. सिलिकॉन व्हॅली कम्युनिटी फाउंडेशन (२००७) या प्रकारच्या निधीमुळे अल्पावधीत देशातील सर्वांत मोठ्या प्रतिष्ठानांत गणले गेले. २०१२ मध्ये फेसबुकचे संस्थापक मार्क झुकरबर्ग यांनी त्याला सुमारे ५० कोटी डॉलरांचे समभाग दिले. अशा निधीतील पैसा दात्याच्या इच्छेने देशात कोठेही जातो, तेव्हा संस्थेचे स्थानिकत्व कितपत उरते, हा आक्षेप रास्त वाटतो. गॉफ यांना मृत दात्याची पकड सैल करायची होती. येथे जिवंत दात्याची पकड घट्ट होते.

भारत : भारतात हा प्रकार विरळ आहे. मुंबईत १९९१ मध्ये स्थापन झालेला बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट हा देशातील या प्रकारचा पहिला न्यास मानला जातो. पारशी पंचायतीचे वा विविध ज्ञातींचे निधी पूर्वरूप म्हणून पुढे केले जातात; पण त्यांचे लाभार्थी जन्माने ठरतात, रहिवासाने नव्हे. प्राप्तिकर कायदा, १९६१ च्या कलम ८०-ग खालील देणग्यांवरील करसवलतही विशिष्ट धर्मसमूहासाठी वा जातीसाठी असलेल्या न्यासांना सामान्यतः मिळत नव्हती.

जुन्या दानाचा हेतू बदलण्याची चर्चा महाराष्ट्राला अपरिचित नाही. पेशव्यांच्या श्रावणमासातील दक्षिणेची रक्कम ब्रिटिश अमदानीत अंशतः पुण्याच्या संस्कृत पाठशाळेकडे (१८२१) वळली. लोकहितवादी प्रभृतींच्या १८४९ च्या अर्जानंतर तिचा काही भाग मराठी ग्रंथांच्या पारितोषिकांसाठी राखला गेला. हा न्यास नव्हता, सरकारी देणे होते. तरी वाद तोच होता.

महाराष्ट्रात असे प्रतिष्ठान सार्वजनिक न्यास व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवावे लागते. कलम ५५ मध्ये साय प्रेची तरतूद आहे. मूळ हेतू अजून साध्य होण्याजोगा असतानाही केवळ इष्ट वाटते म्हणून निधी अन्यत्र वळवण्याची मुभा देणारा तिचा भाग सर्वोच्च न्यायालयाने रतिलाल पानाचंद गांधी खटल्यात (१९५४) रद्दबातल ठरवला. तो निर्णय धार्मिक न्यासांच्या स्वातंत्र्याच्या संदर्भात होता, हे लक्षात ठेवले पाहिजे. धर्मादाय न्यासाच्या विश्वस्तांनी स्वतःच्या घटनेतील अधिकाराने हेतू बदलण्याचा प्रश्न वेगळा आहे.

कायम निधी उभारणे अलीकडे अधिक अवघड झाले आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ ने ठरावीक कंपन्यांवर सामाजिक दायित्वाचा खर्च बंधनकारक केला आणि आपल्या कार्यक्षेत्राला प्राधान्य देण्यास सांगितले. ही तरतूद सामुदायिक प्रतिष्ठानांना अनुकूल दिसते. परंतु २०२१ मधील बदलांनंतर कायम निधीला दिलेली रक्कम या खर्चात धरली जात नाही. विदेशी देणग्यांचे नियमन करणाऱ्या कायद्यातील सप्टेंबर २०२० मधील दुरुस्तीनंतर विदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला पुढे देण्यासही बंदी आली, त्यामुळे मध्यस्थ अनुदानदात्याची भूमिकाच त्या पैशापुरती संपली. अमेरिकेतील मराठी भाषकांनी १९७८ मध्ये स्थापन केलेले महाराष्ट्र फाउंडेशन दात्यांच्या रहिवासाच्या नव्हे तर मूळ प्रदेशाच्या हितासाठी काम करते. म्हणून ते काटेकोर अर्थाने सामुदायिक प्रतिष्ठान ठरत नाही. त्याच्यासारख्या परदेशस्थ संस्थांचा पैसा घेण्यासाठी आता महाराष्ट्रातील प्रत्येक लहान संस्थेला विदेशी देणगीची स्वतःची परवानगी आणि भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खाते असावे लागते.