गादीतील धूळमाइट व बालदमा : नागपुरातील घरे

धूळमाइट हा कोळी-गोचिडांच्या गटातील, साधारण 0.3 मिलिमीटर लांबीचा, आठ पायांचा जीव. तो चावत नाही, रक्त पीत नाही. माणसाच्या अंगावरून झडणाऱ्या कोंड्यावर जगतो. म्हणून माणूस रोज सात-आठ तास जिथे पडून असतो त्या गादी, उशी आणि पांघरुणात त्याची वस्ती सर्वांत दाट असते. दम्याच्या मुलाला बाधतात ती मुख्यतः त्याच्या विष्ठेतील प्रथिने. घरातील धुळीच्या ॲलर्जीमागे हा जीव असल्याचे नेदरलँड्समधील लायडन येथे फोरहोर्स्ट, स्पीक्स्मा आणि सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकात दाखवून दिले.

माइट पाणी पीत नाही, हवेतील बाष्प शोषून घेतो. सुमारे 25 अंश सेल्सिअस तापमान आणि 75 टक्के आर्द्रता त्याला चांगली मानवते. आर्द्रता काही आठवडे सतत 50 टक्क्यांखाली राहिली की तो सुकून मरतो. या हिशेबाने नागपूरचा उन्हाळा त्याचा काळच ठरायला हवा. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि दुपारची हवा पापड वाळावा इतकी कोरडी असते. पण घरात कूलर असतो. दारे-खिडक्या लावून रात्रभर कूलर चालवलेल्या खोलीत सकाळी गादी हाताला दमट लागते, आणि बाहेर मेला असता तो माइट आत पावसाळ्यापर्यंत तग धरतो. पुढचे काम जुलै-ऑगस्टची हवा करते. माइट वाढतात, विष्ठा साठते आणि दिवाळीनंतर थंडीत रजई तोंडापर्यंत ओढली की ती थेट श्वासात जाते.

कूलर बंद करा असे नागपूरकराला सांगण्यात अर्थ नाही. तो चालवण्याची रीत बदलता येते. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी वीतभर तरी उघडी हवी. ओली हवा बाहेर पडली नाही तर खोली थंडही नीट होत नाही, नुसती चिकट होते. झोत पलंगावर थेट येऊ देऊ नये. पहाटे पंप बंद करून तासभर नुसता पंखा चालवावा. उठल्यावर लगेच अंथरूण आवरू नये. पांघरूण बाजूला करून गादी उघडी ठेवावी. पावसाळा सुरू झाल्यावर कूलरमध्ये पाणी भरण्यात काही फायदा नाही, कारण हवा आधीच ओली असते. एसी असेल तर त्याचा ‘ड्राय मोड’ या दिवसांत उपयोगी पडतो. पलंगाच्या उंचीवर, कूलरपासून दूर, एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवला की अंदाजाने बोलणे थांबते.

खर्च करण्यापूर्वी मुलाला माइटचीच ॲलर्जी आहे का, हे त्वचेवरील चाचणीने किंवा रक्ताच्या चाचणीने पाहावे. त्वचेच्या चाचणीआधी ॲलर्जीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून काही दिवस थांबवाव्या लागतात, नाहीतर निकाल खोटा ‘नाही’ येतो. शहरात दमा चाळवणारे इतरही बरेच आहे : रस्त्याची धूळ, कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांकडील राख, गाजर गवत, झुरळे, घरातील विडी-सिगारेट. यांपैकी कशावरही गादीच्या खोळीचा उपाय चालत नाही.

चाचणी माइटकडे बोट दाखवत असेल तर सुरुवात पलंगापासून करावी. गादी आणि उशीला सहाही बाजूंनी बंद होणारी, चेनची, दाट विणीची माइटरोधक खोळ घालावी. विणीतील छिद्रे 10 मायक्रॉनपेक्षा लहान असावीत. चेनच्या टोकाशी फट राहते, तिथे चिकटपट्टी लावावी. रेक्झिनची खोळ स्वस्त पडते, पण उन्हाळ्यात मूल घामाने भिजून ती काढायला लावते. सर्वांत मोठी चूक निराळीच असते : खोळ मुलाच्या गादीला घालतात आणि मूल झोपते आई-बाबांच्या मध्ये. ज्या ज्या गादीवर ते झोपते त्या सगळ्यांना खोळ हवी. दिवाणाच्या पोटात कोंबलेल्या जुन्या रजया आणि गोधड्याही दुसऱ्या खोलीत हलवाव्यात.

विदर्भात कापसाची गादी दर काही वर्षांनी पिंजून घेतात. त्याने कापूस फुलतो, विष्ठा मात्र त्यातच राहते आणि पिंजताना हवेत उधळते. पिंजण्याचे काम घराच्या अंगणात करू नये. फोमची नवी गादीही कायम स्वच्छ राहत नाही, काही महिन्यांत तिच्यातही माइट वस्ती करतात.

चादरी, अभ्रे आणि पातळ पांघरुणे आठवड्यातून एकदा 60 अंशांच्या पाण्यात धुवावीत. थंड पाण्याने विष्ठा बरीच निघते, पण माइट जिवंत राहतात. वरून कपडे टाकायच्या बऱ्याच मशिनांत हीटर नसतो. अशा वेळी उकळते आणि नळाचे पाणी समसमान घेतले तर मिश्रण 60 अंशांच्या जरा वर जाते. कपडे टाकताच ते उतरते, म्हणून गरम पाणी थोडे जास्त घ्यावे, थर्मामीटरने पाहावे आणि काठीने ढवळावे. लहान मुलांना तिथे फिरकू देऊ नये.

उन्हाची कमतरता इथे नाही. मृग लागण्यापूर्वी कडक उन्हाच्या दिवशी गाद्या, उशा आणि रजया गच्चीवर टाकून प्रत्येक बाजूला किमान तीन तास ऊन द्यावे. जाड गादीच्या आतपर्यंत उष्णता पोहोचेलच असे नाही, म्हणून उलटणे आवश्यक. ऊन माइटला मारते, विष्ठेतील प्रथिनांना नाही. तेव्हा नंतर बाहेरच, मुलापासून दूर, झटकावे आणि धुण्यासारखे असेल ते धुवावे. कापडी खेळणी पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये 24 तास ठेवून मग धुवावीत.

फरशीच्या घरात गालिचा नसणे हा आपला फायदा आहे. कोरडा केरसुणीचा झपाटा टाळून ओले पोछे करावे, तेही मूल शाळेत असताना. उधळलेली विष्ठा जड असल्याने साधारण अर्ध्या तासात खाली बसते. म्हणूनच हवा शुद्ध करणाऱ्या महागड्या यंत्राचा माइटवर फारसा परिणाम नाही. गुग्गुळाची धुनी, कापूर, मच्छर अगरबत्ती हे माइट मारत नाहीत, दमा मात्र उसळवतात.

एकट्या उपायाने फार काही हाती लागत नाही, असेच अभ्यास सांगतात. तरी खोळीचा थोडा फायदा दिसतो : मँचेस्टरच्या 2017 मधील चाचणीत माइटची ॲलर्जी असलेल्या मुलांपैकी वर्षभरात दम्याच्या झटक्यासाठी रुग्णालय गाठावे लागलेल्यांचे प्रमाण साध्या खोळी दिलेल्या गटात सुमारे 42 टक्के, तर माइटरोधक खोळी दिलेल्या गटात 29 टक्के होते. तोंडावाटे स्टिरॉइड देण्याची वेळ येण्यात तसा ठोस फरक नव्हता. साठलेली विष्ठा कमी व्हायला महिने लागतात. तोवर आणि त्यानंतरही, प्रतिबंधक इनहेलर डॉक्टरांखेरीज कुणी कमी करू नये. मूल वाक्य पुरे करू शकत नसेल, श्वासागणिक बरगड्यांमधील कातडी आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील तर आराम देणारे इनहेलर स्पेसरने (इनहेलरला जोडायच्या नळीने) देत तत्काळ मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालये किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे.