हीटिंगचा दाब उतरतो तेव्हा: गळती की निकामी प्रसरण टाकी?

घरातल्या सेंट्रल हीटिंगचा, म्हणजे बॉयलरमध्ये तापवलेले पाणी पाइपांतून रेडिएटरांत फिरवून घर उबदार ठेवणाऱ्या यंत्रणेचा, दाब वारंवार उतरू लागला की पहिला संशय गळतीवर जातो, आणि तो गैर नाही, कारण अशा सर्व बाजूंनी बंदिस्त यंत्रणेतला दाब बहुतेक वेळा पाणी बाहेर गेल्यामुळेच उतरतो. परंतु पाणी बाहेर जाण्याचे दोन अगदी निराळे मार्ग आहेत. एकात पाइप, सांधा किंवा रेडिएटर कुठेतरी फुटलेला असतो. दुसऱ्यात सगळे पाइप धडधाकट असतात, मात्र तापून फुगलेल्या पाण्याला सामावून घेणारी प्रसरण टाकी, म्हणजेच एक्स्पान्शन व्हेसल, निकामी झालेली असते आणि जादा पाणी सुरक्षा झडपेतून घराबाहेर फेकले जाते. सकाळी दाबमापकाचा काटा शून्याजवळ दिसतो तेव्हा या दोहोंत काहीच फरक दिसत नाही. त्यामुळे टाकीत हवा भरल्याने मिटू शकणाऱ्या बिघाडासाठी फरशी उखडली जाते, किंवा खरी गळती असताना टाकी बदलली जाते.

हा घोळ सोडवण्यासाठी यंत्रणेचे एक गणित समजून घ्यावे लागते. पाणी १० अंश सेल्सिअसवरून ८० अंशांपर्यंत तापवले की त्याचे आकारमान सुमारे तीन टक्क्यांनी वाढते, म्हणजे बॉयलर, पाइप आणि रेडिएटर मिळून १०० लिटर पाणी असेल तर जवळजवळ ३ लिटर जागा नव्याने लागते. पाणी दाबून लहान करता येत नाही. म्हणून या वाढीसाठी पोलादी टाकी बसवलेली असते, जिच्या मधोमध रबरी पडदा असतो, त्याच्या एका बाजूला यंत्रणेचे पाणी आणि दुसऱ्या बाजूला आधीच भरून ठेवलेली हवा किंवा नायट्रोजन. घरगुती टाकीत हा वायू साधारणपणे ०.७५ ते १ बार दाबाने भरलेला असतो (बार हे दाबाचे एकक, १ बार म्हणजे जवळजवळ वातावरणाच्या दाबाइतका). थंड असताना यंत्रणेचा दाब १ ते १.५ बार ठेवतात आणि सुरक्षा झडप ३ बारला उघडते.

आता ८ लिटरची टाकी घेऊ आणि हिशेब सोपा व्हावा म्हणून वायूचा आणि थंड पाण्याचा दाब सारखाच, १ बार धरू. दाबमापकावरचा १ बार म्हणजे वातावरणाचा दाब मिळवून प्रत्यक्षात २ बार. पाणी तापून ३ लिटरने वाढले की ८ लिटर वायू ५ लिटरमध्ये दबतो, त्याचा दाब ३.२ बार होतो आणि मापकावर २.२ दिसतात, झडप बंदच राहते. याच टाकीतला भरलेला दाब पूर्णपणे निघून गेला असेल, तर १ बारला पाणी भरतानाच उरलेली हवा दबून ४ लिटर होते. पुढे मापकावर ३ बार येईपर्यंत ती २ लिटरपर्यंतच दबू शकते, म्हणजे वाढलेल्या ३ लिटरपैकी २ लिटरच आत मावतात आणि तिसरा लिटर झडपेतून बाहेर जातो. यंत्रणा थंड झाल्यावर काटा १ वर परतत नाही, तो ०.६ च्या आसपास थांबतो. घरातील माणूस पाणी भरून काटा पुन्हा १ वर आणतो, संध्याकाळी हीटिंग चालू होते आणि भरलेला तो लिटर पुन्हा बाहेर पडतो. ‘रोज पाणी भरतो तरी दाब टिकत नाही’ या तक्रारीमागे अनेकदा एवढेच घडत असते.

म्हणूनच दाब किती उतरला याहून तो केव्हा आणि कसा उतरला हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. काटा थंड असताना पाहावा, रेडिएटर पूर्ण तापल्यावर पाहावा आणि पुन्हा पूर्ण थंड झाल्यावर पाहावा, आणि तिन्ही आकडे लिहून ठेवावेत. साधी गळती असेल तर थंड आणि गरम यांमधले अंतर नेहमीइतकेच राहते, फक्त दोन्ही आकडे दिवसागणिक खाली सरकत जातात, आणि हीटिंग बंद ठेवली तरी उतरण थांबत नाही. टाकी निकामी असेल तर ते अंतरच वाढते: बॉयलर पेटल्यावर काटा झपाट्याने ३ बारकडे धावतो आणि थंड झाल्यावर पूर्वीपेक्षा बराच खाली येतो, मात्र हीटिंग दोन दिवस बंद ठेवली तर तो सहसा जागचा हलत नाही. नुकतीच रेडिएटरमधली हवा काढली असेल तर थोडा दाब उतरणारच, त्यावरून निष्कर्ष काढू नये.

गळतीची बाजू ठरली तर शोध आधी उघड्या जागांवर घ्यावा. गरम रेडिएटरच्या झडपेशी होणारी बारीक गळती ओल दिसण्याआधीच सुकते आणि तिथे केवळ पांढरट किंवा हिरवट थर उरतो. तो थर ओल्या डागाइतकाच बोलका पुरावा मानावा. थंड यंत्रणेत सांध्यांभोवती कोरडा टिशू पेपर फिरवला तर डोळ्यांना न दिसणारी ओल कळते. तरीही काही सापडले नाही, तर बॉयलर बंद करून, तो पूर्ण थंड झाल्यावर, त्याच्या खालच्या जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाइपांवरच्या झडपा मिटवाव्यात आणि रात्रभर तसेच ठेवावे. मापक बॉयलरवरच असेल आणि सकाळी काटा उतरलेला दिसला, तर दोष बॉयलरच्या आत आहे. काटा स्थिर राहून झडपा उघडताच एकदम कोसळला, तर पाणी घराच्या पाइपांतून जात आहे. ही चाचणी फरशीला हात लावण्याआधी करावी, असे मी आग्रहाने सांगेन. बॉयलरच्या आतल्या दोषांत एक फार फसवा आहे: मुख्य उष्णता विनिमयकाला, म्हणजे ज्योतीची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाला, तडा गेला की पाणी थेट कंडेन्सेटच्या, म्हणजे धुरातली वाफ थंड होऊन बनलेले पाणी बाहेर नेणाऱ्या, नळीत उतरते आणि घरात एक थेंबही दिसत नाही. बॉयलर पेटलेला नसताना त्या नळीतून सतत ठिबक होत असेल, तर हा संशय बळावतो.

टाकीची परीक्षा हवेच्या व्हॉल्व्हवर होते. हा व्हॉल्व्ह मोटारीच्या चाकाला असतो त्याच प्रकारचा असतो. त्याची पिन दाबल्यावर हवेऐवजी पाणी आले तर पडदा फाटलेला आहे आणि हवा भरून काही उपयोग नाही. टाकी बदलावीच लागते. हवा आली तर मात्र घाईने मापक लावून आकडा खरा मानू नये, कारण यंत्रणेत दाब असताना पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखाच झालेला असतो आणि मापक पाण्याचाच दाब दाखवतो. आधी बॉयलर बंद करून यंत्रणेचा दाब शून्यावर आणावा, पाणी सोडण्याचा कॉक उघडा ठेवावा आणि मग टाकीतला वायू मोजून उत्पादकाने दिलेल्या आकड्यापर्यंत पंपाने भरावा. ही टाकी पुष्कळदा बॉयलरच्या आवरणाआत असते, आणि गॅसच्या बॉयलरचे ते आवरण परवानाधारक कारागिरानेच उघडावे.

दोन्ही बिघाड एकाच वेळी असण्याची शक्यताही खरी आहे, आणि निदान बहुधा इथेच चुकते. टाकी निकामी असताना सुरक्षा झडप अनेकदा उघडते, तिच्या बैठकीत यंत्रणेतला काळा गाळ अडकतो आणि मग ती पुरती मिटत नाही. टाकी दुरुस्त झाल्यावरही दाब उतरतच राहतो, आता थंड असतानाही, म्हणजे लक्षणे गळतीची दिसू लागतात. सुरक्षा झडपेपासून घराबाहेर निघणाऱ्या तांब्याच्या नळीच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी सैल बांधून ठेवली की हे कळते, कारण पिशवीत पाणी साचले तर ते झडपेतूनच आलेले असते. अशी ठिबकणारी झडप साफ करण्यापेक्षा बदलणे श्रेयस्कर.

कारण सापडेपर्यंत पाणी भरत राहण्याचा मोह आवरावा. ताज्या पाण्याबरोबर प्राणवायू आणि चुना आत येतात, पोलादी रेडिएटर आतून गंजतात आणि त्या गंजाचा गाळ पंपात व विनिमयकात जाऊन बसतो. गळती बुजवणारे द्रवही निदानाआधी ओतू नयेत. टाकीचा वायू गेला असेल तर ते काहीच बुजवू शकत नाहीत. पाणी भरून झाल्यावर भरण्याच्या नळीच्या दोन्ही झडपा घट्ट मिटवाव्यात, कारण त्यातली एक जरी झिरपत राहिली तर थंड यंत्रणेतही काटा हळूहळू वर चढतो, सुरक्षा झडप उघडते आणि निर्दोष टाकी विनाकारण संशयात सापडते.